मेंदूतील गाठ, तिचे इंधन आणि औषधाला होणारा विरोध



माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या एकूण वजनाच्या सुमारे २ टक्के असते. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्यातील सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. झोपेतही त्याची ही मागणी फारशी उतरत नाही. इंधन साठवून ठेवण्याची सोय मात्र त्याच्याजवळ जवळजवळ नाही. रक्तातून क्षणोक्षणी येणाऱ्या ग्लुकोजवर आणि प्राणवायूवर त्याचा निर्वाह चालतो. रक्तपुरवठा काही सेकंद तुटला, तरी माणसाची शुद्ध हरपते. अशा या अखंड पेटत्या चुलीच्या शेजारी कर्करोगाची गाठ वाढू लागते, तेव्हा ती आपले इंधन कोठून आणि कशी मिळवते, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहत नाही. रुग्णाला दिलेले औषध त्या गाठीवर चालेल की नाही, हे ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांत पेशींच्या ऊर्जा-व्यवहाराचाही वाटा आहे, असे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

सर्वांत चिवट गाठ

मेंदूत होणाऱ्या गाठी अनेक प्रकारच्या असतात. त्यांतील कित्येक सौम्य असतात आणि शस्त्रक्रियेने पूर्ण बऱ्या होतात. परंतु मेंदूतच उगम पावणाऱ्या घातक गाठींपैकी प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे ग्लिओब्लास्टोमा. चेतापेशींना आधार देणाऱ्या ज्या सहाय्यक पेशी मेंदूत असतात, त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या पेशींची ही गाठ असून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत मोडते. शस्त्रक्रियातज्ज्ञाने दिसणारी गाठ संपूर्ण काढली, तरी तिच्या पेशी शेजारच्या निरोगी भागात आधीच शिरलेल्या असतात. शेतातील हरळी वरून खुरपून काढली, तरी तिच्या काड्या मातीत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतात. तसाच काहीसा हा प्रकार आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार आणि औषध यांची जोड द्यावी लागते.

मेंदूच्या गाठीसाठी औषध निवडताना एक मोठी अडचण असते. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंती अशा घट्ट विणीच्या असतात, की रक्तातील बहुतेक रसायने त्यांतून पलीकडे जाऊ शकत नाहीत. या व्यवस्थेला रक्त-मेंदू अडसर असे म्हणतात. विषारी द्रव्यांपासून मेंदूचे रक्षण करणारा हा अडसर औषधांनाही दाराबाहेर थोपवून धरतो. तो बऱ्याच प्रमाणात ओलांडू शकणारे एक औषध १९८० च्या दशकात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील अ‍ॅस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने तयार केले. त्याचे नाव टेमोझोलोमाइड. ते शिरेतून द्यावे लागत नाही. रुग्ण घरीच त्याच्या कॅप्सूल घेऊ शकतो.

या औषधाची खरी कसोटी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत लागली. रॉजर स्टप यांच्या नेतृत्वाखाली युरोप व कॅनडा येथील रुग्णालयांत ५७३ रुग्णांवर ही चाचणी झाली. केवळ किरणोपचार मिळालेल्या रुग्णांचे मध्यमान आयुष्य १२.१ महिने भरले, तर किरणोपचाराबरोबर टेमोझोलोमाइड घेतलेल्यांचे १४.६ महिने. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. अडीच महिन्यांचा हा लाभ ऐकणाऱ्याला तोकडा वाटेल. परंतु ज्या रोगात अनेक दशके औषधांना जवळजवळ यश आले नव्हते, त्यात तो महत्त्वाचा ठरला आणि तेव्हापासून हीच उपचारपद्धती जगभर पायाभूत मानली जाते. तथापि याच आकड्यांची दुसरी बाजू अशी, की औषध घेऊनही सुमारे तीनचतुर्थांश रुग्ण दोन वर्षांच्या आत दगावले. औषध गाठीपर्यंत पोहोचते, पेशींना इजाही करते; मग काही पेशी वाचतात कशा?

दुरुस्ती करणारे प्रथिन

या प्रश्नाचे पहिले उत्तर पेशीच्या केंद्रकात सापडले. टेमोझोलोमाइड डीएनएच्या साखळीतील ग्वानिन या घटकाला एक छोटासा मिथिल गट चिकटवते. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या बदलामुळे पेशी विभागताना डीएनएची नक्कल चुकते. चूक सुधारणारी यंत्रणा पुन्हा पुन्हा तोच भाग कापते, पुन्हा पुन्हा तीच चूक होते, अखेर साखळी तुटते आणि पेशी मरते. म्हणजेच औषधाचा घाव जरी आज बसला, तरी पेशीचा मृत्यू ती विभागू लागल्यावर ओढवतो. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

परंतु कित्येक पेशींजवळ एमजीएमटी नावाचे एक प्रथिन असते. ते ग्वानिनला चिकटलेला मिथिल गट स्वतःकडे ओढून घेते आणि डीएनए पूर्ववत करते. हे काम करताना ते प्रथिन स्वतः निकामी होते; एका रेणूने एकच दुरुस्ती होते. ज्या गाठींत या प्रथिनाचे जनुक मिटलेले असते, तेथे औषध अधिक चालते. २००५ सालीच मोनिका हेगी यांनी त्याच चाचणीतील २०६ रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे ४५ टक्के गाठींत हे जनुक मिटलेले आढळले. अशा रुग्णांपैकी ज्यांना औषधही मिळाले, त्यांचे मध्यमान आयुष्य २१.७ महिने होते.

तरीही प्रश्न संपला नाही. जनुक मिटलेले असूनही बहुतेक रुग्णांत गाठ पुन्हा उद्भवते. दुरुस्तीचे प्रथिन हे कोड्याचे एक उत्तर झाले; ते एकमेव उत्तर नाही. म्हणून संशोधकांची दृष्टी केंद्रकातून बाहेर, पेशीच्या इंधन-व्यवहाराकडे वळली.

वॉरबर्ग यांचे निरीक्षण

वास्तविक या विषयाची सुरुवात शंभर वर्षांपूर्वी झाली होती. १९२० च्या दशकात बर्लिन येथे ऑटो वॉरबर्ग हे जीवरसायनशास्त्रज्ञ गाठींचे पातळ काप घेऊन त्यांच्या श्वसनाचे मोजमाप करीत होते. निरोगी पेशी ग्लुकोजचे आधी दोन तुकडे करते आणि मग ते तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्यांत प्राणवायूच्या साहाय्याने पूर्ण जाळते. प्राणवायू अपुरा असेल, तरच ती अर्ध्या वाटेवर थांबते आणि उरलेल्या भागाचे लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकते. जोराने धावणाऱ्या माणसाच्या स्नायूंत हेच घडते. परंतु वॉरबर्ग यांना असे दिसले, की गाठीच्या पेशी भरपूर प्राणवायू मिळत असतानाही ग्लुकोज अर्धवटच वापरतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकीत राहतात.

हा व्यवहार किती आतबट्ट्याचा आहे, हे आकड्यांवरून कळते. पेशीतील ऊर्जेचे चलन म्हणजे एटीपी हा रेणू. ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जाळला, तर सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात. अर्ध्यावर सोडला, तर केवळ २. रसवंतीगृहातील माणूस उसाचे कांडे चरकातून तीन-चार वेळा फिरवून रस काढतो. एकदाच फिरवून ओले चिपाड फेकून देणारा दुकानदार दिवाळखोरीत निघेल. गाठीच्या पेशी मात्र नेमके हेच करतात आणि तरीही भरभराटीला येतात.

यामागील कारण पुढे स्पष्ट होत गेले. ग्लुकोज अर्धवट वापरण्याचा मार्ग फार वेगवान असतो आणि रक्तातून माल भरपूर मिळत असेल, तर काटकसरीची निकड उरत नाही. शिवाय वेगाने विभागणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकीच बांधकामाच्या सामग्रीची गरज असते. ग्लुकोजच्या अर्धवट तुटलेल्या भागांपासून तिला नव्या डीएनएचे, पेशीपटलाचे आणि प्रथिनांचे घटक मिळतात. बाहेर टाकलेल्या लॅक्टिक आम्लामुळे गाठीभोवतीचा परिसर आम्लधर्मी होतो व तेथे शरीराच्या संरक्षक पेशींचे बळ कमी पडते.

वॉरबर्ग यांना १९३१ साली श्वसनातील विकराच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीच्या श्वसनात बिघाड होणे हेच कर्करोगाचे मूळ आहे, असे त्यांचे ठाम मत होते आणि १९५६ साली त्यांनी ते पुन्हा आग्रहाने मांडले. त्यांचे निरीक्षण टिकले. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र तसाच टिकला नाही.

एका घरात दोन चुली

ग्लिओब्लास्टोमाच्या पेशींतील तंतुकणिका सरसकट बिघडलेल्या नसतात, हे प्रत्यक्ष रुग्णांमध्ये पाहता आले. अमेरिकेतील डॅलस येथील संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांच्या शिरेतून खूण केलेल्या कार्बनचे ग्लुकोज दिले व काढलेल्या गाठीत त्या कार्बनचा माग घेतला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की मेंदूत असलेली गाठ ग्लुकोजचा काही भाग तंतुकणिकांत नेऊन पूर्णही जाळते. २०१४ साली त्याच संस्थेतील संशोधकांनी दाखविले, की ही गाठ ग्लुकोजखेरीज अ‍ॅसिटेटही इंधन म्हणून वापरते. याशिवाय ग्लुटामिन हे अमिनो आम्ल आणि मेदाम्ले हीदेखील तिच्या उपयोगी पडतात.

म्हणजे या घरात एक चूल विझून दुसरी पेटलेली नाही. दोन्ही चुली आहेत आणि गरजेप्रमाणे एक मंद, दुसरी मोठी करण्याची सोय आहे. एवढेच नव्हे, तर एकाच गाठीतील सर्व पेशींचा व्यवहारही सारखा नसतो. रक्तवाहिनीपासून दूर, गाठीच्या अंतर्भागात प्राणवायू पोहोचत नाही, तेथील पेशी अर्धवट जाळण्यावर राहतात. प्राणवायूची उणीव ओळखून पेशीचा व्यवहार बदलणाऱ्या यंत्रणेच्या शोधाबद्दल २०१९ सालचे नोबेल पारितोषिक विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना देण्यात आले. कडेच्या भागातील, रक्तवाहिन्यांजवळच्या पेशींना अशी अडचण नसते.

ऊर्जा आणि औषध-विरोध

इंधनाच्या या व्यवहाराचा औषधाशी संबंध मुख्यतः चार ठिकाणी येतो.

पहिला संबंध दुरुस्तीचा. तुटलेला डीएनए जोडण्यास ऊर्जा लागते व नवे घटक लागतात. एकेका मिथिल गटामागे एमजीएमटीचा एकेक रेणू खर्ची पडत असल्याने तो पुन्हा तयार करणेही आलेच. ज्या पेशीचे कोठार भरलेले आहे, ती हा खर्च सोसू शकते.

दुसरा संबंध प्राणवायूच्या दाहक रूपांचा. औषधामुळे आणि किरणांमुळे पेशीत प्राणवायूचे अतिक्रियाशील रेणू वाढतात व ते तिला आतून पोळतात. त्यांना शांत करणारे ग्लुटाथायोन हे द्रव्य कार्यक्षम राहण्यासाठी एनएडीपीएच या रेणूची आवश्यकता असते आणि तो ग्लुकोजच्याच एका पोटमार्गातून मिळतो. इंधनाचा ओघ चांगला असलेली पेशी अशा रीतीने स्वतःभोवती जणू ओल्या गोणपाटाचे आवरण ठेवते.

तिसरा संबंध उपसा करणाऱ्या पंपांचा. पेशीपटलावरील काही प्रथिने आत आलेली अनेक औषधे उचलून बाहेर फेकतात. हे पंप एटीपीवर चालतात. एटीपी आटले, की पंप थंडावतात.

चौथा संबंध सर्वांत कपटी म्हणावा लागेल. टेमोझोलोमाइडचा घाव पेशी विभागताना प्राणघातक ठरतो, हे वर आलेच आहे. जी पेशी विभागण्याचे लांबणीवर टाकते, तिला दुरुस्तीस सवड मिळते. २०१८ साली अमेरिकेतील फ्लोरिडा येथून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की ग्लिओब्लास्टोमातील संथपणे विभागणाऱ्या पेशी मुख्यतः तंतुकणिकांतील श्वसनावर व मेदावर जगतात आणि औषधाला अधिक दाद देत नाहीत. लवकर विभागणाऱ्या, ग्लुकोज अधाशीपणे खाणाऱ्या पेशी औषधाने मरतात. मागे राहतात त्या या मितव्ययी पेशी. त्यांच्यापासूनच पुढे नवी गाठ उभी राहते.

औषधाच्या सहवासात पेशी आपली चूल कशी बदलते, याचे एक स्पष्ट उदाहरण २०१० साली अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठातील संशोधकांनी नोंदविले. टेमोझोलोमाइडला न जुमानणाऱ्या बनलेल्या पेशी त्यांनी तपासल्या, तेव्हा त्यांच्या तंतुकणिकांतील श्वसन-साखळीची मांडणीच बदललेली आढळली. साखळीतील सुरुवातीच्या टप्प्यांचे काम उतरले होते आणि प्राणवायूचे पाणी करणारा शेवटचा टप्पा, म्हणजे सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर, अधिक जोमाने काम करू लागले होते. परिणामी दाहक रेणूंची गळती कमी झाली होती. धुराची चूल मोडून तिच्या जागी बिनधुराची चूल बसविल्यासारखा हा बदल होय. औषध तेच, मात्रा तीच. बदलले होते ते पेशीचे घर.

नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तेथील प्रयोगशाळेतही ग्लिओब्लास्टोमाच्या किरणोपचारानंतर तग धरून राहणाऱ्या मूठभर पेशींचा स्वतंत्र अभ्यास झाला असून, अशा पेशी एकमेकींत मिसळून जाऊन टिकाव धरतात असे निरीक्षण तेथून प्रसिद्ध झाले आहे. रोगाचा पुढचा इतिहास या उरलेल्या पेशीच लिहितात. म्हणून त्यांना वेगळे काढून पाहण्याचे महत्त्व आहे.

साखर बंद केली तर?

येथे एक शंका साहजिकच उद्भवते. गाठ जर ग्लुकोजवर पोसली जाते, तर रुग्णाची साखर, भात, भाकरी बंद केली म्हणजे गाठ उपाशी मरणार नाही काय? अनेक कुटुंबे हा विचार करतात व काही जण तो अमलातही आणतात. म्हणून त्याचा विचार स्वच्छपणे करणे आवश्यक आहे.

खाण्यातील साखर बंद झाली, तरी रक्तातील ग्लुकोज शून्यावर येत नाही. यकृत अमिनो आम्लांपासून व इतर घटकांपासून ग्लुकोज तयार करून रक्तातील पातळी सांभाळते, कारण मेंदूला ती लागतेच. दुसरे असे, की टंचाईच्या काळात निरोगी पेशींपेक्षा गाठीच्या पेशी अधिक चलाख ठरतात. २०१३ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील संशोधकांनी दाखविले, की ग्लुकोज कमी असताना गाठीतील मूलपेशींसारख्या पेशी ग्लट-३ हे वाहक प्रथिन अधिक प्रमाणात वापरतात. हे प्रथिन मुख्यतः चेतापेशींचे. अत्यल्प ग्लुकोजही ते ओढून घेऊ शकते. म्हणजे दुष्काळात खोल विहीर असलेला तेवढा तरून जावा, तसे घडते, आणि तरतात त्या नेमक्या सर्वांत घातक पेशी.

प्रत्यक्ष रुग्णांवरील अनुभवही हेच सांगतो. पिष्टमय पदार्थ जवळजवळ वर्ज्य करून स्निग्ध पदार्थांवर भर देणारा आहार जर्मनीत गाठ पुन्हा उद्भवलेल्या रुग्णांना देण्यात आला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २० रुग्णांच्या चाचणीत हा आहार पाळता येतो एवढे दिसले, परंतु त्याने एकट्याने गाठीवर उल्लेखनीय परिणाम झाला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ५० रुग्णांच्या चाचणीत किरणोपचाराला अशा आहाराची व उपवासाची जोड दिली गेली. तरीही रोगाची वाढ लांबल्याचे सिद्ध झाले नाही.

मात्र याचा अर्थ रक्तशर्करेकडे दुर्लक्ष करावे असा नाही. मेंदूची सूज उतरविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोन या औषधाने रक्तशर्करा वाढते आणि ती सतत चढलेली राहिलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी आढळल्याच्या नोंदी आहेत. वैद्यकीय देखरेखीखाली शर्करा आटोक्यात ठेवणे आणि आधीच खंगलेल्या माणसाचे ताट काढून घेणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने रुग्णाचे हित होते; दुसरीने उपचार सोसण्याची त्याची शक्तीच जाते.

भारतातील प्रयत्न

गाठीची ग्लुकोजची भूक तिच्याविरुद्ध वापरण्याचे प्रयत्न भारतातही झाले आहेत. ग्लुकोजसारखाच दिसणारा, परंतु पुढे न पचणारा २-डीऑक्सी-डी-ग्लुकोज हा रेणू पेशी फसून आत घेते आणि तिच्या व्यवहारात खीळ बसते. दिल्ली येथील संरक्षण संशोधन संघटनेच्या अण्वौषध संस्थेतील शास्त्रज्ञांनी वैद्यकीय सहकाऱ्यांसह या द्रव्याला किरणोपचाराची जोड देऊन पाहिली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूच्या घातक गाठी असलेल्या २० रुग्णांना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे २०० मिलिग्रॅम या प्रमाणात ते तोंडावाटे देण्यात आले व ते सोसवते असे दिसले. मात्रा आणखी वाढविल्यावर मात्र त्रास वाढला, कारण निरोगी मेंदूही ग्लुकोजवरच जगतो. मे २०२१ मध्ये कोविडच्या साथीत आपत्कालीन वापरासाठी मान्यता मिळाल्यामुळे हेच द्रव्य २-डीजी या नावाने घरोघरी ऐकू आले. मेंदूच्या गाठीवरील प्रस्थापित उपचारांत मात्र त्याला स्थान मिळालेले नाही.

हीच भूक रोगनिदानाच्या कामी अधिक यशस्वी ठरली. किरणोत्सारी खूण असलेले ग्लुकोज देऊन शरीरात ते कोठे साठते याचे चित्र घेण्याची पेट तपासणी आता परिचित आहे. १९८२ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे जोव्हानी दि किरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने दाखविले, की मेंदूतील गाठ जितकी घातक, तितका तिचा ग्लुकोजचा वापर अधिक. भारतात पेट तपासणीची सुरुवात २००२ साली मुंबईत परळ येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली. मेंदूच्या बाबतीत अडचण एवढीच, की निरोगी मेंदूही चित्रात उजळ दिसतो व गाठीची कड हरवते. म्हणून तेथे खूण केलेल्या अमिनो आम्लांचाही उपयोग केला जातो.

एका विकराचा धडा

ऊर्जा-व्यवहाराच्या अभ्यासाने रुग्णाच्या हाती काही पडले काय, या प्रश्नाला आज एक ठोस उत्तर देता येते. २००८ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी ग्लिओब्लास्टोमाच्या २२ नमुन्यांची जनुके वाचली. त्यांपैकी काहींत, विशेषतः तरुण रुग्णांच्या गाठींत, आयडीएच-१ या विकराच्या जनुकात बदल आढळला. हे विकर ग्लुकोज जाळण्याच्या व्यवहारातील एक साधे कामकरी. कर्करोगाच्या संदर्भात त्याचे नाव तोवर क्वचितच घेतले गेले होते. पुढील वर्षी असे उघड झाले, की बदललेले विकर आपले नेहमीचे काम सोडून २-हायड्रॉक्सिग्लुटारेट हे भलतेच द्रव्य तयार करते.

या द्रव्यामुळे पेशीच्या डीएनएवर जागोजागी मिथिल गट साचतात आणि अनेक जनुके मिटतात. पुष्कळदा त्यांत एमजीएमटीचेही जनुक असते. निरोगी विकर एनएडीपीएच निर्माण करते, तर बदललेले विकर तो खर्च करते. त्यामुळे पेशीचे संरक्षक आवरणही विरते. इंधनाच्या व्यवहारातील एक बिघाड आणि केंद्रकातील दुरुस्तीचे प्रथिन यांचा धागा असा एकमेकांत गुंतलेला आहे. असा बदल असलेल्या गाठींचे रुग्ण तुलनेने अधिक काळ जगतात, याचा उलगडा यावरून काही अंशी होतो. २०२१ च्या जागतिक वर्गीकरणात तर या गाठींना ग्लिओब्लास्टोमा या नावातूनच वगळण्यात आले.

याच विकराला रोखणारे व्होरासिडेनिब हे औषध पुढे तयार झाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुसऱ्या श्रेणीच्या, विकरात बदल असलेल्या गाठींच्या ३३१ रुग्णांचा समावेश होता. औषध घेणाऱ्यांत गाठ पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यमान काळ २७.७ महिने, तर न घेणाऱ्यांत ११.१ महिने भरला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. ग्लिओब्लास्टोमावरील हा उपाय नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु सर्व गाठींना सरसकट उपाशी ठेवण्याच्या प्रयत्नांना जे साधले नाही, ते एका विशिष्ट गाठीतील एक विशिष्ट बिघाड ओळखून त्यावर बोट ठेवल्याने साधले, हा यातील धडा आहे.

रुग्णाच्या दृष्टीने

प्रौढ माणसाला आयुष्यात प्रथमच झटका येणे, पहाटे तीव्र होणारी व उलटीसह येणारी डोकेदुखी, शरीराच्या एका बाजूस येत चाललेला अशक्तपणा, बोलण्यात किंवा स्वभावात झालेला बदल, ही लक्षणे इतर कारणांनीही होतात; परंतु ती बाहेरची बाधा समजून दिवस घालवू नयेत, मेंदूचे चित्रण करून घ्यावे. गाठ काढल्यानंतर तिच्या ऊतींचा नमुना जपून ठेवला जातो. त्याच्यावर आयडीएच आणि एमजीएमटी या तपासण्या झाल्या आहेत काय, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे. पुढील उपचाराची दिशा त्यांवर ठरते. टेमोझोलोमाइड चालू असताना रक्ततपासणी ठरल्या दिवशी करावी आणि कॅप्सूल आपल्या मनाने बंद करू नयेत. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार यांचा अंतर्भाव आहे. तिची चौकशी उपचाराच्या आरंभीच करणे श्रेयस्कर. पेशींच्या ऊर्जेवर परिणाम करणारी औषधे, मग ती मधुमेहावरील असोत वा आणखी कशावरील, ऐकीव माहितीवरून घेऊ नयेत. प्रयोगशाळेतील काचपात्रात पेशी मारणारे द्रव्य रुग्णाला तारतेच असे नाही.

मेंदूच्या गाठीची पेशी इंधन बदलू शकते, वेग बदलू शकते, वाट पाहू शकते. तिच्या या सवयींची ओळख जसजशी पटत जाईल, तसतसे एका वेळी एक वाट न अडविता तिच्या अनेक वाटा एकाच वेळी अडविण्याचे उपाय आखता येतील. त्या दिशेने जगातील आणि या देशातील प्रयोगशाळांत काम चालू आहे. बारा महिन्यांचे साडेचौदा महिने होण्यास कित्येक दशके लागली. परंतु त्या अडीच महिन्यांत कोणी मुलीचे लग्न पाहिले असेल, कोणी नातवाचे बारसे. ज्या कुटुंबांना ते दिवस लाभले, त्यांच्या लेखी त्यांचे मोल आकड्यांत मावणारे नाही, आणि पुढील प्रत्येक महिना मिळविण्यासाठी हा सारा खटाटोप आहे.